नळ नसलेल्या गावातला मुक्काम

नळ नसलेल्या खेड्यात काटकसर कुणी शिकवावी लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरांची घागर विहिरीवरून चढ चढून आणली की तोंड धुताना तांब्या आपोआप अर्धाच भरला जातो. ज्या घरी मी उतरलो होतो, तिथे भाजी धुतलेले पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला आणि तिथून रोपांच्या आळ्यांत जात असे. साबणाच्या पाण्यासाठी शोषखड्डा वेगळा होता.

सर्वांत शिकण्यासारखा वाटला तो दोन खड्ड्यांचा संडास. भांड्याचा उतार तीव्र असल्याने त्यात दोनेक लिटर पाणी ओतले तरी पुरते. एक खड्डा भरला की त्याच्याकडे जाणारी वाट बुजवून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवतात; बंद खड्ड्यातले पाणी जमिनीत मुरते आणि दीड-दोन वर्षांनी आत काळसर, भुसभुशीत खत उरते. यजमानांनी ते ओंजळीत घेऊन पुढे धरले, तेव्हा मी आधी मागे सरलो. वास घेतला तर ओल्या मातीचा होता. असे खड्डे विहिरीपासून लांब आणि भूजल खोल असलेल्या जागीच घ्यावेत. पाहुण्यांनी त्यात सॅनिटरी पॅड किंवा प्लॅस्टिक टाकू नये, कारण वाट चोंदते आणि खतही बिघडते.

चुलीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. सरपण कोरडे असले तर धूर कमी होतो, पण थांबत नाही, आणि तो रोज छातीत भरून घेणारी बाई त्याला साधी राहणी म्हणत नाही.

जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी गाळून घ्यावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, दोन हजार मीटरहून उंच गावी तीन मिनिटे, उकळावे. वापरलेले सेल आणि वेष्टने परत न्यावीत, कारण कचरागाडी नसलेल्या गावात ती बहुधा जाळलीच जातात. मुक्कामाचा मोबदला आधीच ठरवून घ्यावा. पाहुण्यापायी यजमानांच्या पाण्याच्या खेपा वाढतात, म्हणून आपली घागर आपण भरावी, आणि विहिरीने तळ गाठलेला असेल तेव्हा तर जाणेच पुढे ढकलावे.