चिचारितो: दोन पावलांची करामत

मेक्सिकोचा फुटबॉलपटू हावियर एर्नांदेस ऊर्फ चिचारितो ग्वादालाहारा, मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद, लेव्हरकुसेन, वेस्ट हॅम, सेव्हिया, एलए गॅलेक्सी असा फिरून 2024 मध्ये पुन्हा ग्वादालाहारात आला. मेक्सिकोसाठी 52 गोल! क्लब बदलले, हातोटी तीच: बचावपटूच्या नजरेआड उभं राहायचं, गोलच्या दूरच्या खांबाकडे दोन पावलं टाकून त्याला ओढायचं आणि झटकन जवळच्या खांबावर शिरायचं.

पुण्यातल्या टर्फवर आपली पोरं नेमकी इथंच चुकतात. आधीच पळत सुटतात, मग क्रॉस (बाजूनं गोलसमोर आलेला पास) मागे पडतो. पास देणाऱ्याची मान खाली गेली की निघायचं, त्याआधी नाही. एप्रिल 2015 मधला अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा, रेआलकडून केलेला त्याचा 88व्या मिनिटाचा गोल बघाच. रोनाल्डोनं चेंडू आडवा दिला आणि हा तिथं हजर!