रहिवाशांचा होकार मोजायचा कसा?

वारसास्थळाशेजारी राहणाऱ्यांचा पर्यटनाला पाठिंबा एकदा मिळाला की कायम टिकतो, हा समज चुकीचा आहे. पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी १९७५ मध्ये रहिवाशांच्या बदलत्या भावनेचे चार टप्पे मांडले: उत्साह, उदासीनता, चीड आणि उघड विरोध. चीड वेळीच ओळखायची तर नीट पाहणी हवी, आणि बहुतेक पाहण्या इथेच फसतात. प्रवेशद्वारापाशी किंवा बाजारात प्रश्न विचारले की दुकानदार आणि गाइडच भेटतात. त्यांचा होकार गृहीतच असतो. त्यापेक्षा घरांच्या यादीतून दर दहावं घर निवडा. गर्दीच्या हंगामात एकदा आणि एरवी एकदा, तेच प्रश्न विचारा. 'पर्यटन हवं का?' याला सगळे हो म्हणतात. पाण्याचा दाब, रात्रीचा आवाज, घरभाडं, गाडी लावायला जागा, हे विचारा. पर्यटनातून कमावणारे आणि न कमावणारे यांची उत्तरं वेगळी मांडा, कारण सरासरीत नाराजी बुडून जाते.

पर्यटनाचा आराखडा तयार झाल्यावर बोलावलेली बैठक म्हणजे फक्त माहिती देणं. लोकसहभाग किती खरा हे दाखवणाऱ्या, अर्नस्टाइन यांच्या १९६९ च्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर ती जेमतेम तिसरी पायरी. प्रवेश शुल्कातला किती वाटा गटारं-रस्त्यांवर खर्च होणार, हे रहिवाशांनीच ठरवावं आणि हिशेब चौकातल्या फलकावर लागावा.