थर जाडच द्या की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उन्हावर पाणी फोडून हायड्रोजन काढायचा आणि त्यासाठी काचेवर लोखंडाच्या ऑक्साईडचा थर द्यायचा, म्हणजे सरळ गंजच, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग थर इतका पातळ कशाला, जाडच द्या की, गंज काय महाग आहे?

महाग नाहीच, म्हणून तर त्याच्या मागे लागलोय. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडांनी टायटॅनियम डायऑक्साईडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, पण त्याला अल्ट्राव्हायोलेट लागतो आणि उन्हात तो जेमतेम 4-5 टक्के. गंज निळा-हिरवा प्रकाशही खातो.

गोम पुढे आहे. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी होल राहतो, या होलने पृष्ठभागापर्यंत येऊन पाण्यातून ऑक्सिजन काढायचा, इलेक्ट्रॉनने वायरमधून पलीकडच्या प्लॅटिनमवर जाऊन हायड्रोजन. पण गंजात होल 2 ते 4 नॅनोमीटर गेला की इलेक्ट्रॉनला भेटून संपतो, आणि प्रकाश नीट शोषायला थर हवा शेकडो नॅनोमीटरचा! म्हणजे जाड थरात आत तयार झालेले होल पाण्यापर्यंत पोचतच नाहीत, फुकट गरम होतं फक्त.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं, म्हणजे अशा पातळ थरांचं काम खूप जुनं आहे, मीही तिथलीच. वीज वाहणारा लेप असलेल्या तापलेल्या काचेवर लोखंडाच्या क्षाराचं द्रावण फवारायचं, वायरची क्लिप लावायला एक कड झाकून ठेवायची. फवारा जास्त वेळ चालू ठेवला तर फिल्म काय सुंदर लालभडक दिसते, बघणारा खूश, आणि सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये बुडवून दिव्याचं शटर उघडलं की करंट जागचा हलत नाही. फिक्या केशरी फिल्मचा आलेख मात्र टुणकन वर जातो.

म्हणून मग उभ्या नॅनोकाड्या वाढवतात, प्रकाशाला लांबी मिळते आणि होलला बाजूने बाहेर पडायला जवळची वाट. तरी कागदावर दर चौरस सेंटिमीटरला 12.6 मिलिअँपिअर निघायला हवेत आणि बहुतेक फिल्म निम्म्यालाही पोचत नाहीत. त्यात नुसत्या गंजाला हायड्रोजन काढण्याइतका जोरही नाही, वरून व्होल्टेज द्यावं लागतं, त्यासाठी फिल्ममागे सोलर सेल ठेवतात, गंजाने न शोषता पलीकडे जाऊ दिलेल्या लाल प्रकाशावर तो चालतो.