फुप्फुसं ठणठणीत, श्वास मात्र नाही

भातलावणीच्या दिवसांत पहाटे कोणी पोटदुखी घेऊन आलं की मी आधी विचारतो, रात्री निजला कुठे होतात? ‘जमिनीवर’ म्हटलं की डोक्यात मण्यार येते. रात्री हिंडणारा, अंथरुणात शिरणारा हा साप चावला तरी बहुधा सूज नाही, आग नाही. दाताची खूणही सापडेलच असं नाही.

त्या पहाटे आलेली मुलगी विशीतली, सोबत थोरला भाऊ. पोटात कळा, उलट्या. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त नीट गोठलं, तेव्हा भावाने सुस्कारा सोडला. पण मण्यारीच्या विषात रक्त गोठतंच. माझं लक्ष तिच्या पापण्यांकडे होतं, त्या मिटत चालल्या होत्या. "रात्रभर जागी आहे, झोप आली असेल," भाऊ म्हणाला. प्रतिसर्पविषाच्या १० कुप्या सुरू केल्या, १०८ ला फोन लावला आणि तिला म्हटलं, "ताई, एका दमात आकडे मोज बघू." २२ पर्यंत गेली. धडधाकट माणूस सहज तिशी ओलांडतो. थोड्या वेळाने ती ९ वर अडकली. उशीवरून डोकंही उचलेना.

भावाची नजर तिच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर. कोरोनाने ते यंत्र घरोघरी शिकवलंय. "९७ आहे की, सर!"

आकडा खरा होता, तरी कामाचा नव्हता. फुप्फुसं निरोगी होती, येईल तेवढ्या हवेतून प्राणवायू उचलत होती. हवा आत आणणं हे मुळात त्यांचं कामच नाही. छातीच्या तळाशी घुमटाकार श्वासपटल असतं. ते आकसलं की सपाट होत खाली सरकतं, शांत श्वासात जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. फासळ्यांमधले स्नायू फासळ्या वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढते, तिच्याबरोबर फुप्फुसं ताणली जातात, आतला दाब किंचित घटतो आणि साधारण अर्धा लिटर हवा आपसूक शिरते. लोहाराचा भाता उघडला की भरतो तशी. सोडताना एरवी काही करावंच लागत नाही, ताणलेलं फुप्फुस स्वतःहून आक्रसतं. श्वासपटलाला हुकूम देणारी नस मानेतून निघते. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर बसतं, जिथे नस स्नायूला भेटते तिथेच. मेंदू हुकूम सोडत राहतो, तो स्नायूपर्यंत पोचत नाही.

भावाचा हात तिच्या पोटावर ठेवायला लावला. श्वास घेताना पोट वर यायला हवं, तिचं आत जात होतं. श्वासपटल लुळं पडत होतं आणि वरचे स्नायू जीव खाऊन ओढतील तसं उलट छातीकडे खेचलं जात होतं. "दादा, आकडा सोडा, हे बघा," मी म्हटलं. तो पांढराफटक पडला.

घशातून श्वासनलिकेत नळी घातली, अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून हवा भरायची पिशवी, जोडली. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही आणि जिल्हा रुग्णालय घाटापलीकडे. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत रुग्ण जगवले होते. आमच्या पाळ्या तिघांच्या: मी, वॉर्डातले मामा आणि तो भाऊ. दाबायचं, सोडायचं, तीन मोजायचे. जोर नाही करायचा. शरीर हवा खेचून घेतं आणि आपण ढकलतो, त्यामुळे अति दाबलं तर फुप्फुस फाटतं. भावाने हे इतकं मनावर घेतलं की घाट उतरल्यावरही तो बॅग कुणाकडे देईना.

प्रतिसर्पविष रक्तातलं विष आवरतं, नसांच्या टोकांना आधीच झालेली इजा ते भरून काढत नाही. ती टोकं सावरेपर्यंत यंत्रावर काढायचं. तेही दिवस गेले, नळी निघाली.

पुढे ती दाखवायला आली तेव्हा म्हणाली, "सर, मला सगळं ऐकू येत होतं." मला नवल वाटलं नाही. हे विष पापण्याही हलू देत नाही, पण शुद्ध घालवत नाही. म्हणून तर अशा रुग्णाजवळ जपून बोला, असं मी सगळ्यांना बजावतो. मामा खड्ड्यागणिक ड्रायव्हरला शिव्या घालत होते आणि प्रत्येक शिवीनंतर "ताई, माफ कर गं" म्हणत होते, तेही तिने ऐकलं होतं. "त्यातल्या दोन मला नवीनच होत्या. मामा कुठेत?" मामा त्या दिवशी रजेवर होते की तिला बघून स्टोअरमध्ये शिरले होते, यावर आमच्या सिस्टरांचं अजून एकमत झालेलं नाही.