श्रीमंत देशाचे तांब्याच्या तारांवरचे इंटरनेट

येथे जर्मनीत ऑनलाइन बँकिंग सुरू करण्यासाठी लागणारा पिन माझ्या बँकेने टपालाने पाठवला आणि तो हाती पडेपर्यंत मला थांबावे लागले. ज्या देशाचे दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे वीसपट आहे, तेथे असे का व्हावे, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे.

पैसा कमी पडला, असे नक्कीच नाही. हेल्मुट श्मिट यांच्या सरकारने 1981 मध्येच देशभर ऑप्टिकल फायबर, म्हणजे तांब्यापेक्षा कितीतरी वेगाने माहिती वाहून नेणाऱ्या काचेच्या तारा, टाकण्याचा दीर्घ पल्ल्याचा बेत आखला होता. पण पुढच्याच वर्षी सत्तेवर आलेल्या हेल्मुट कोल यांनी केबल टीव्हीच्या तांब्याच्या तारांना प्राधान्य दिले. टेलिफोनच्या तारा तर घरोघरी आधीच पोहोचलेल्या होत्या, त्यामुळे नवे खोदकाम करण्यापेक्षा त्यांचाच वेग वाढवत राहणे कंपन्यांना परवडले आणि फायबर मागे पडले. बहुतेक सरकारी सेवा 2022 अखेर ऑनलाइन आणण्याचा कायदा 2017 मध्ये झाला, पण ती मुदतही हुकली. चोख टपाल आणि घरोघरी फोन असलेल्या समाजाला घाई वाटली नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडे लँडलाइन ऐन भरात असतानाही सुमारे 5 कोटीच होत्या आणि त्या मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. जुनी व्यवस्था सांभाळण्याचे ओझे नसल्याने आपण थेट मोबाइलवर आलो. 2016 मध्ये यूपीआय आणि जिओ आले आणि आज मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून देता येतात. याचा मला मनापासून अभिमान आहे आणि येथील सहकाऱ्यांना मी तो ऐकवतेही.

मात्र उत्पन्नाचा परिणाम इंटरनेट कोणाच्या हाती पोहोचते यावर होतो, हेही मला मान्य करावे लागते. जर्मनीत दहापैकी नऊहून अधिक लोक इंटरनेट वापरतात आणि स्त्री-पुरुषांत फारसा फरक नाही; आपल्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे 33 टक्के, तर पुरुष 57 टक्के होते. स्वस्त डेटा नसता तर तेवढ्याही स्त्रियांपर्यंत ते पोहोचले नसते, असे मला ठामपणे वाटते. पण अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर पुरुषाबरोबर बाहेर जातो; सहकाऱ्यांना यूपीआयविषयी सांगताना मी आता हेही सांगते.