लग्नाआधी बाळ: रजा, क्वार्टर आणि पार्ट टू ऑर्डरचा माझा अनुभव

जवानाच्या किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या लष्करी नोंदीत, आई-वडील असतात, बायको असते, मुलं असतात. होणाऱ्या बायकोसाठी त्यात रकाना नाही. आमची सगळी धावपळ या एका गोष्टीमुळे झाली, म्हणून तीच आधी सांगते.

मी नाशिकमधल्या एका लष्करी आस्थापनेत सिव्हिलियन कारकून. माझा होणारा नवरा तोफखान्यात हवालदार, पोस्टिंग फील्डला, म्हणजे जिथे कुटुंब सोबत ठेवता येत नाही. धर्म वेगळे, लग्न व्हायचं होतं, आणि गरोदरपणाच्या सातव्या आठवड्याचा रिपोर्ट हातात आला. आमच्याबद्दल एवढंच पुरे. पुढचं सगळं तारखांचं आणि कागदांचं आहे.

पहिल्याच दिवशी वहीचं पान दोन भागांत वाटून घ्या. एका बाजूला आईला तिच्या स्वतःच्या नोकरीमुळे जे मिळतं ते, दुसऱ्या बाजूला लग्नाच्या दाखल्याशिवाय जे हलतच नाही ते. मी हे उशिरा केलं आणि पहिले तीन आठवडे नको त्या काळजीत गेले.

माझी प्रसूती रजा पहिल्या बाजूची. केंद्र सरकारच्या सिव्हिलियन महिला कर्मचाऱ्यांना सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) रजा नियमांच्या नियम 43 प्रमाणे 180 दिवस पूर्ण पगारी रजा मिळते. अट एकच, हयात असलेली मुलं दोनपेक्षा कमी हवीत. नियमात 'विवाहित' हा शब्द नाही. रजेच्या फॉर्म 1 मध्येही लग्नाचा रकाना नाही. रजेचा प्रकार, कालावधी, कारण आणि रजेतला पत्ता अशीच माहिती विचारतात. ही रजा तुमच्या साठलेल्या रजेतून वजा होत नाही. पुढे संगोपन रजा वेगळी आहे, सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस. त्यातले पहिले 365 दिवस पूर्ण पगार, नंतरचे 80 टक्के. तुम्ही स्वतः वर्दीत असाल तर नियम वेगळे. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना दोन मुलांपर्यंत प्रत्येक मुलामागे 180 दिवस आणि संगोपनासाठी एकूण 360 दिवस रजा होतीच. नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने तीच सवलत महिला जवान, नौसैनिक आणि वायुसैनिकांनाही लागू केली.

दुसऱ्या बाजूला होतं मिलिटरी हॉस्पिटल, फॅमिली क्वार्टर, आणि त्याच्या नोकरीतला बायको-मुलाचा प्रत्येक हक्क. त्यात सगळ्यात जड गोष्ट फॅमिली पेन्शन. फील्डला असलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर लग्नाआधीच्या जोडीदाराला ती मिळत नाही. हे लिहायला जड जातं, पण लग्नाची तारीख पुढे ढकलताना हे डोळ्यांसमोर असायलाच हवं. जोडीदार अग्निवीर असेल तर आधी त्याच्या भरतीच्या अटी वाचा, ती भरती अविवाहितांचीच असते.

धर्म एकच असेल आणि दोघं हिंदू असाल तर विधी करून महापालिकेत नोंद करणं हा लवकरचा रस्ता. मात्र विधी खरोखर झाला पाहिजे. एखाद्या मंडळाचा दोन तासांत मिळणारा दाखला हातात घेऊन लग्न झालं असं समजू नका. विधी न होता नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आमच्यापुढे विशेष विवाह कायदा 1954 हाच मार्ग होता. त्यात विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती 30 दिवस फलकावर लागते, आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फील्डवाल्यांना हाच फटका बसतो. नोटिशीला सुट्टी मिळते, लग्नाच्या वेळी नेमकी रद्द होते.

एका कार्यालयात मला सांगितलं, दोघंही 30 दिवस नाशिकमध्ये राहिलेले हवेत, शिवाय युनिटची एनओसी आणा. दोन्ही चूक. कलम 5 प्रमाणे दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात सलग 30 दिवस रहिवास पुरतो आणि एनओसीचा कायद्यात उल्लेखच नाही. मी कलमाची छापील प्रत पुढे ठेवली आणि कोणत्या नियमाखाली नाकारताय ते लेखी द्या म्हटलं. नोटीस त्याच दिवशी घेतली गेली. आवाज चढवावा लागला नाही, कागद पुरला.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. गावात बातमी पोहोचायच्या आत घरच्यांना तुम्ही स्वतः सांगा. आम्ही नोटिशीच्या आदल्या रविवारी सांगितलं.

आठवडे मी उलटे मोजले. प्रसूतीची तारीख 40 व्या आठवड्याला. बाळंतपण मिलिटरी हॉस्पिटलमध्ये व्हायचं तर साधारण 30 व्या आठवड्यापर्यंत तिथे नाव लागायला हवं. त्याआधी पार्ट टू (लग्नाची लष्करी रेकॉर्डमधली नोंद), त्याआधी लग्नाचा दाखला, त्याआधी नोटिशीचा महिना. आमची नोटीस 15 व्या आठवड्यात लागली, लग्न 20 व्यात, पार्ट टू 25 व्यात निघाला. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल रजा असते. नोटिशीला त्याने कॅज्युअल वापरली, वार्षिक रजेतले 40 दिवस लग्नानंतर आणि प्रसूतीसाठी राखले. केंद्र सरकारच्या सिव्हिलियन नोकरीतल्या वडिलांना 15 दिवसांची पितृत्व रजा असते. ती प्रसूतीच्या 15 दिवस आधीपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घ्यायची, नाहीतर जाते.

उशीर झालाच तर घाबरू नका. बाळाचा जन्म वैध विवाहात झाला की ते कायद्याने औरसच. लग्नाला जन्माआधी किती दिवस झाले याला महत्त्व नाही.

आता पार्ट टू. जवानाच्या आयुष्यातला प्रत्येक बदल युनिट डेली ऑर्डर पार्ट टू म्हणून काढतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला आणि पगाराच्या कार्यालयाला जाते. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पलाच आहे, म्हणजे माझ्या भाड्याच्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर. तरीही तिथे जाऊन नोंद करून घेता येत नाही. ऑर्डर युनिटकडूनच निघावी लागते, युनिट कितीही लांब असलं तरी. लग्नाचा दाखला, दोघांची आधार कार्डं, एकत्र फोटो आणि त्याचा अर्ज हे सगळं त्याच्यासोबत साक्षांकित प्रतींसह पाठवलं, मूळ दाखला घरी ठेवला.

अडकतं ते स्पेलिंगमध्ये. मराठी माणूस ज्ञानेश्वर लिहितो, आधारवर ते डी-एन-वाय ने सुरू होतं, आणि भरतीच्या वेळी हिंदी भाषक कारकुनाने कानावर पडलं तसं जी-वाय ने लिहिलेलं असतं. वडिलांचं विठ्ठल कुठे एका टी ने, कुठे दोनने. विवाह अधिकाऱ्याने दाखला आधारवरून केला की तो रेकॉर्डशी जुळत नाही आणि ऑर्डर हरकत लागून परत येते. इलाज सोपा, पण नोटिशीच्या आधीच करायचा. त्याच्या शीट रोलवरचं (सेवेच्या नोंदपत्रावरचं) नाव अक्षर न अक्षर मागवून घ्या, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा, मगच नोटीस द्या. मी माझं माहेरचं आडनाव प्रसूती होईपर्यंत कुठेच बदललं नाही. गरोदरपणाची फाइल, दाखला, पार्ट टू, बँक, सगळीकडे एकच नाव राहिलं आणि त्याचा फार आधार झाला.

पार्ट टू निघेपर्यंत तपासण्या बाहेर केल्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, कावीळ बी हे अहवाल, टीडीच्या (धनुर्वात-घटसर्प) इंजेक्शनांची नोंद आणि 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, सगळं मूळ स्वरूपात एका फाइलीत ठेवलं. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये डिपेंडंट कार्ड घेऊन गेले तेव्हा हीच फाइल पुढे चालली, काही पुन्हा करावं लागलं नाही.

क्वार्टरचं गणित शांतपणे करा. जवान फील्डला असेल तर कुटुंबासाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मागता येतो, बोलताना सगळे एसएफ म्हणतात. अर्ज युनिटमार्फत स्टेशन हेडक्वार्टर्सला. सोबत पार्ट टूची प्रत आणि पोस्टिंगचा पुरावा. नाव यादीत लागतं आणि नंबराने क्वार्टर मिळतो. गरोदर आहे म्हणून नंबर आपोआप वर जातो असं धरून बसू नका. तोवर विहितगाव किंवा लॅम रोडच्या बाजूला तळमजल्याची खोली बघा. नऊ महिन्यांचं पोट घेऊन जिना नको, आणि कॅम्पही जवळ राहतो.

नवऱ्याला त्याच स्टेशनवर सरकारी क्वार्टर मिळाला की बायकोचा एचआरए (घरभाडे भत्ता) बंद होतो, ती वेगळी भाड्याने राहिली तरी. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग आहेत, नाशिक वाय वर्गात येतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महागाई भत्ता 50 टक्के झाल्यापासून इथला दर मूळ पगाराच्या 20 टक्के आहे. मूळ पगार 27,900 असेल तर महिन्याला 5,580 रुपये. क्वार्टरचा ताबा घेतल्याच्या तारखेचं पत्र त्याच आठवड्यात आपल्या ऑफिसला द्या. नाहीतर पुढे एकरकमी वसुली निघते आणि ती नेमकी बाळाच्या खर्चाच्या दिवसांत कापली जाते.

जन्माची नोंद जिथे जन्म तिथेच होते. देवळाली कॅम्पच्या हद्दीत झाला तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, नाशिक रोडला झाला तर महापालिकेकडे. मुदत 21 दिवसांची. हॉस्पिटल माहिती पाठवतं, पण ती जाण्याआधी आई-वडिलांच्या नावांची अक्षरं स्वतः वाचून घ्या. मी बाळंतीण असतानाच कागद खाटेवर मागवला आणि वडिलांच्या नावातलं एक अक्षर तिथेच बदलून घेतलं. बाराव्या दिवशी बारसं झालं की नऊ दिवस हातात असतात, तेवढ्यात नावासकट नोंद होते. नाव ठरलं नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, पण बाळाचा पार्ट टू नावाशिवाय रखडतो. आणि लग्न झालेलंच नसेल तर आईने एकटीने प्रतिज्ञापत्रावर दाखला मागावा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये सांगितलं आहे की अशा वेळी कार्यालयाने प्रतिज्ञापत्राखेरीज काही मागू नये.

बाळाचा पार्ट टू निघाला त्या आठवड्यात उरलेले तीन कागद संपवले. माझ्या सर्व्हिस बुकातला कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म 4, त्याच्या आणि माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचं नवं नॉमिनेशन, आणि त्याच्या ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन. लग्नाआधीची नावं तिन्हीकडे तशीच पडून होती.