आयडीएचची स्लाइड

मेंदूतली गाठ काढली की तिचा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत आमच्या लॅबमध्ये येतो. मी हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. निदान पॅथॉलॉजिस्ट मॅडम करतात, पण ज्या स्लाइडवर त्या निदान करतात ती माझ्या हातून तयार होते. त्यातली एक स्लाइड मी बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच जपून करते, ती आयडीएच-वन नावाच्या प्रथिनातला बदल शोधणारी.

पद्धत तशी नेहमीचीच. मेणाच्या ब्लॉकमधून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रिबन कोमट पाण्यावर अलगद सोडायची आणि सुरकुती न पडू देता स्लाइडवर उचलून घ्यायची. मग मेण उतरवायचं, बफरमध्ये गरम करायचं, अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) घालायची, शेवटी डॅबचा तपकिरी आणि हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग. ही अँटिबॉडी फक्त बदललेल्या प्रथिनालाच चिकटते. बदल असला की गाठीच्या पेशी तपकिरी होतात, मधल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी निळ्याच राहतात. पण खरं बघण्यासारखं असतं ते गाठीच्या कडेला. साध्या स्लाइडवर जो भाग जवळजवळ नॉर्मल वाटतो, तिथेही मध्येच एखादी सुटी तपकिरी पेशी दिसते, थोडं पुढे आणखी एक. 'डॉक्टरांनी गाठ पूर्ण का नाही काढली?' असं नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर त्या कडेवर आहे. ग्लायोमाला, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठीला, कडाच नसते.

आयडीएच म्हणजे आयसोसिट्रेट डिहायड्रोजनेज. हे एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतं. आयसोसिट्रेटपासून अल्फा-किटोग्लुटारेट बनवणं हे त्याचं काम. २००८ साली संशोधकांनी २२ ग्लायोब्लास्टोमांमधली (सगळ्यात आक्रमक ग्लायोमांमधली) जनुकं तपासली, तेव्हा त्यातल्या काही गाठींमध्ये या एन्झाइमच्या जनुकात बदल सापडला, आणि तोही दरवेळी एकाच जागी. प्रथिनाच्या साखळीत १३२ व्या जागेवर आर्जिनिन हवं, तिथे दुसरंच अमिनो आम्ल, बहुतेकदा हिस्टिडिन. ज्यांच्यात हा बदल होता ते रुग्ण इतरांपेक्षा तरुण होते. पुढच्याच वर्षी कळलं की ग्रेड २ आणि ३ च्या (म्हणजे त्याहून सावकाश वाढणाऱ्या) अॅस्ट्रोसायटोमा आणि ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमांपैकी ७० टक्क्यांहून जास्त गाठींमध्ये आयडीएच बदललेलं असतं.

या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. जनुक बिघडलं म्हणजे एन्झाइम बंद पडलं, असा अंदाज कुणीही केला असता. २००९ मध्ये दिसलं की ते बंद पडलेलं नाही, त्याने नवंच काम हाती घेतलंय. ते अल्फा-किटोग्लुटारेट घेतं आणि त्याचं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट करतं. निरोगी पेशीत हा पदार्थ नावालाच असतो, या गाठींत मात्र तो साचत जातो. दिसायला तो अल्फा-किटोग्लुटारेटसारखाच, त्यामुळे ज्या एन्झाइमांना अल्फा-किटोग्लुटारेट लागतं त्यांची वाट तो अडवतो. डीएनएवरचे मिथाइल गट (जनुकं बंद ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) काढण्याचं काम करणारी एन्झाइमं त्यातलीच. ते गट साठत राहतात, बंद पडू नयेत अशी जनुकं मुकी होतात आणि पेशी धड वाढून तयार होण्याऐवजी नुसती विभागत राहते.

थांबलेलं एन्झाइम पुन्हा चालू करायचं म्हटलं तर औषधाला ते फार अवघड. भलतंच काम करणाऱ्याला अडवणं त्या मानाने शक्य कोटीतलं. म्हणूनच बदललेल्या आयडीएचला अडवणारी वोरासिडेनिबची गोळी निघू शकली. २०२३ मध्ये तिच्या ट्रायलचे निकाल आले. ३३१ रुग्ण, सगळे ग्रेड २ चे, आयडीएच बदललेले, फक्त ऑपरेशन झालेले. नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ ११.१ महिने होता, औषध घेणाऱ्यांत २७.७. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मान्यता दिली. या गोळीने रोग मुळापासून जात नाही. लिव्हरच्या तपासण्या नेमाने कराव्या लागतात. पण रेडिएशन आणि केमो पुढे ढकलता येतात. तिशीतल्या माणसाच्या मेंदूला रेडिएशन द्यायचं म्हणजे पुढे स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर परिणाम होण्याची भीती असतेच. तिथे मिळालेली वर्षं मला फार मोलाची वाटतात.

ही मान्यता १२ वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी आहे, आणि इथे एक गोष्ट घराघरात संकोचापोटी राहून जाईल अशी मला काळजी वाटते. या औषधाने गर्भाला धोका होऊ शकतो, आणि काही हॉर्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या त्याच्यासोबत निकामी ठरू शकतात. वयात आलेल्या मुलीला हे औषध सुरू करताना हॉर्मोनविरहित गर्भनिरोधनाबद्दल तिच्याशी, तिच्या तोंडावर, नीट बोलायला हवं. आईला बाजूला घेऊन कुजबुजून चालणार नाही. कमी वयातल्या गरोदरपणात एक्लॅम्प्सियाचा (रक्तदाब वाढून झटके येण्याचा), मुदतीआधी बाळंत होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका एरवीही जास्तच असतो. त्यात मेंदूचा आजार आणि हे औषध.

स्लाइड निळी राहिली तर? २०२१ पासून डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात ग्लायोब्लास्टोमा हे नाव फक्त आयडीएच न बदललेल्या गाठींनाच देतात. मग एमजीएमटी या दुसऱ्या एन्झाइमची चौकशी होते. टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध डीएनएला जी इजा करतं ती एमजीएमटी दुरुस्त करतं, म्हणजे गाठीलाच वाचवतं. ज्या गाठीत त्याचं जनुक मुकं झालंय, तिच्यावर हे औषध जास्त चालतं.

पण निळी स्लाइड म्हणजे दरवेळी शेवटचा शब्द नव्हे. आमची अँटिबॉडी एकच बदल ओळखते, आर१३२एच, म्हणजे १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. तो ग्लायोमातल्या आयडीएचच्या बदलांपैकी साधारण ९० टक्के असतो. उरलेले तिला दिसतच नाहीत. म्हणून रुग्ण ५५ च्या आतला असेल आणि स्लाइड निगेटिव्ह आली तर जनुकाचं सिक्वेन्सिंग (त्याचं अक्षर न् अक्षर वाचणं) करावं असं मार्गदर्शन आहे. नातेवाईक रिपोर्टमध्ये ग्रेड शोधतात. आयडीएचची ओळही शोधा, नसेल तर विचारा. निगेटिव्ह असेल तर कुठल्या पद्धतीने, तेही विचारा.

आणि ज्यांचं ऑपरेशन ही टेस्ट सर्रास होण्याआधी झालं, त्यांनी ब्लॉकची चौकशी करावी. मेणातला तुकडा नीट ठेवला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून आजही काप काढता येतात. लॅबचा नंबर आणि ब्लॉकचा नंबर सहसा रिपोर्टवर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.